तिसरा किरण

आयोलाइट हा निळसर जांभळा खडा. हातात धरून फिरवला की रंग पालटतो, कारण प्रकाश कोणत्या दिशेने कंप पावतो आहे ते पाहून हा खडा त्याला कमीजास्त गिळतो. १९५०च्या दशकाच्या मध्यावर बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. पंचरत्नम अशाच स्फटिकांमागे लागले होते. संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन हे त्यांचे सख्खे मामा.

साध्या पारदर्शक स्फटिकात शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण होतात, त्यांची कंपनं एकमेकांशी काटकोनात असतात आणि गणित सुटतं. आयोलाइटसारख्या प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकात तो काटकोनच मोडतो. मग वेगवेगळ्या ध्रुवणाचे, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हेने कंप पावणारे, दोन किरण एका तालात आहेत, हे ठरवायचं कसं?

पंचरत्नम यांनी सोपी कसोटी लावली. दोघांना एकत्र आणल्यावर उजेड जास्तीत जास्त पडला, तर ते तालात. दुसरा कोणी इथेच थांबला असता. त्यांनी तिसरा किरण आणला. पहिला दुसऱ्याशी तालात, दुसरा तिसऱ्याशी तालात. म्हणजे तिसरा पहिल्याशी असणारच ना?

नसतो! आणि किती चुकतो तेही पक्कं ठरलेलं. ध्रुवणाचे सारे प्रकार एका गोलाच्या पृष्ठावर मांडता येतात. तिथे या तीन किरणांचे तीन बिंदू जोडून जो त्रिकोण होतो, गोलाच्या केंद्रातून दिसणाऱ्या त्याच्या घनकोनाच्या निम्मी चूक पडते. त्रिकोणाने गोलाचा आठवा हिस्सा व्यापला, तर ४५ अंश. किरणाने किती अंतर कापलं याचा इथे संबंधच नाही.

हे छापून आलं १९५६ मध्ये, इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये. लेखक २२ वर्षांचे. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे पंचरत्नम ऑक्सफर्डला गेले आणि १९६९ मध्ये, पस्तिशीतच, वारले.

१९८४ मध्ये ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांनी पुंजभौतिकीत असाच भूमितीतून उपजणारा ताल मांडला आणि जगभर गाजावाजा झाला. हे आपल्याकडे आधीच होऊन गेलंय, हे १९८६ मध्ये दाखवून दिलं बंगळूरच्याच एस. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी. बेरींचा मोठेपणा असा की १९८७ मध्ये त्यांनी स्वतः लेख लिहून पंचरत्नम यांचं श्रेय मान्य केलं.

पंचरत्नम यांचे थोरले भाऊ एस. चंद्रशेखर त्याच संस्थेत द्रवस्फटिकांवर काम करत. चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात, हे त्यांच्या गटाने १९७७ मध्ये दाखवलं. दोघा भावांचे विषय वेगळे. आज ते एका भिंगात भेटतात.

काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकाचा सपाट थर घ्यायचा आणि त्यातल्या रेणूंची दिशा जागोजागी वळवत न्यायची. जाडी नेमकी जमली की चक्राकार ध्रुवणाचा, म्हणजे कंपनाची दिशा उजवीकडे किंवा डावीकडे फिरत राहणारा, प्रकाश त्यातून जाताना उजव्याचा डावा होतो आणि त्याचा ताल रेणूच्या वळणाच्या दुपटीने सरकतो. हा सरकणारा ताल म्हणजे पंचरत्नम यांचीच भूमितीतून येणारी चूक. रेणू अर्धा फेरा वळला की अख्ख्या लहरीचा फरक. म्हणजे काचेचा फुगवटा नको, कडेला पातळ नि मध्ये जाड घासणं नको. गंमत म्हणजे हेच भिंग एका हाताचा प्रकाश एकवटतं आणि दुसऱ्या हाताचा फाकवतं. काही भिंगांत विजेचा दाब दिला की रेणू उभे राहतात आणि प्रकाश न वळता सरळ निघून जातो. आभासी वास्तवाच्या चष्म्यांत अशा भिंगांची चळत लावून नजर कधी जवळ, कधी दूर नेण्याचे प्रयोग आता चालू आहेत.