चमच्यांचा नाच

गटाचा वर्धापनदिन जवळ आला की बैठकीत पहिला विषय निघतो तो स्पीकरच्या भाड्याचा. आज मी तुम्हाला अशा नाचाची माहिती सांगणार आहे, ज्यात वाद्य नाचणारीच्या हातातच असतं. तेही स्वयंपाकघरातलं!

हा नाच तुर्कस्तानातला. तिकडे त्याला ‘काशिक ओयुनु’ म्हणतात. काशिक म्हणजे चमचा. ओयुन या शब्दाचा अर्थ खेळ असा होतो आणि नाच असाही. आपणही मंगळागौरीचे ‘खेळ’च म्हणतो की! मधल्या भागातलं कोन्या आणि दक्षिणेला भूमध्य समुद्राकाठचं सिलिफके ही गावं या नाचासाठी प्रसिद्ध आहेत. बायका नाचतात, तसे पुरुषही नाचतात.

प्रत्येकीकडे चार लाकडी चमचे असतात, एकेका हातात दोन. दोन्ही चमच्यांच्या पाठी समोरासमोर येतील असे ते बोटांत धरायचे. मूठ आवळली की पाठीवर पाठ आपटते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. चमच्याच्या खोलगट भागामुळे तो घुमतो. लाकूड जितकं टणक, तितका आवाज खणखणीत. तिथल्या ताराक्ली गावात शिमशिर नावाच्या टणक लाकडाचे चमचे आणि कंगवे पूर्वीपासून बनतात.

तुर्कस्तानातच ‘हालाय’ नावाचा दुसरा नाच आहे. त्यात सगळे हात धरून रांगेत नाचतात. चमच्यांच्या नाचात हात मोकळे राहत नाहीत, म्हणून प्रत्येकीला आपला ताल आपणच सांभाळावा लागतो. हात वर, गुडघ्यात थोडी लवण, मधेच गिरकी आणि चमचे चालूच. साथीला तंतुवाद्य असलं तर छानच, पण ठेका नाचणारीचा.

कामाची वस्तू नाचात आणणं आपल्याला नवीन नाही. मंगळागौरीला आपण सूप आणि लाटणं घेऊन नाचतोच. पण मंगळागौर नव्या सवाष्णीची. आपल्या गटात विधवा आहेत, नवऱ्याने सोडलेल्या आहेत. हप्ता त्या आपल्याबरोबरीने भरतात आणि हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र कोपऱ्यात बसतात, नाहीतर येतच नाहीत. चमचा हातात घ्यायला कुणी सवाष्ण असावं लागत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी बसून ठेका धरावा.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन लाकडी चमचे आणा. आधी एका हाताने सावकाश वाजवून बघा. पहिल्या दिवशी चमचे हातातून निसटतील, निसटू द्या. ठेका जमला की गाणं आपलंच म्हणू. आणि जी मैत्रीण एरवी कोपऱ्यात बसते, तिच्या हातात चमचे आधी द्या.