इंजिन नवं, ब्रेक जुने

अँबॅसिडरच्या बॉनेटखाली मॅटॅडोरचं इंजिन. मराठवाड्यात साठी गाठलेल्या मिस्त्रीला या जोडीचं नवल वाटत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पेट्रोलवरच्या अँबॅसिडर आणि जीप गाड्यांची मूळ इंजिनं उतरवून डिझेलची बसवली जात, ती हौसेपेक्षा हिशेबापोटी. डिझेलचा भाव सरकार ठरवायचं आणि तो पेट्रोलच्या बराच खाली ठेवायचं. जालन्याहून अंबड, परतूर, मंठ्याकडे माणसं भरून नेणाऱ्या गाडीचा धंदा अ‍ॅव्हरेजवर चाले.

हिंदुस्तान मोटर्सने १९८०च्या सुमारास अँबॅसिडरला स्वतःचं डिझेल इंजिन दिलं होतं. पण १४८९ सीसीचं ते इंजिन जेमतेम ३७ अश्वशक्तीचं. भरलेली गाडी चढाला लागली की धापा टाकायची. उलट आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं मॅटॅडोरमधलं इंजिन मर्सिडीज-बेंझच्या परवान्यावर बनलेलं, २३९९ सीसीचं. खर्च डिझेलचा आणि खेच दांडगी, असा दुहेरी फायदा त्यात होता. भंगारात निघालेल्या मॅटॅडोरचं इंजिन म्हणूनच मोलाचं ठरे.

कारखान्यांचंही तेच

हा गॅरेजवाल्यांचा उद्योग ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेला जातो. पण लायसन्स-परमिटच्या काळात आपले मोटार कारखानेही नेमकं हेच करत होते. नव्या गाडीचे साचे परवडत नसत, म्हणून जुन्या सांगाड्यात परक्याचं इंजिन बसे. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. तिचा सांगाडा मूळ फियाट १२४चा, इंजिन निस्सानचं, ११७१ सीसी. महिंद्राच्या जीपमध्ये अमेरिकन वळणाच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन आलं. १९९२ मध्ये अँबॅसिडरला इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर मिळाले. गाडी रस्त्यावरून जाताना ओळखूही येत नसे, इतकं बाहेरचं रूप जुनंच होतं.

कारखाना आणि गॅरेज यांत फरक होता तो इंजिनाभोवतीच्या कामात. इंजिन साखळीला टांगून आत उतरवणं तुलनेने सोपं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घरचे असले की मधली प्लेट लेथवर कातून घ्यावी लागते. तिची मधली रेषा थोडीशी जरी चुकली तरी क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. फाउंडेशनच्या जागा बदलतात, प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतं, म्हणून डिफरन्शियलचं गुणोत्तरही जुळवावं लागतं. नाहीतर गाडी ओढते, पण पळत नाही. पुढच्या चाकांवर वजन वाढतं, रेडिएटर अपुरा पडतो.

मारुतीच्या काळात हे काम थोडं सोपं झालं. झेनचं ९९३ सीसी आणि एस्टीमचं १२९८ सीसी ही इंजिनं एकाच कुळातली. त्यामुळे झेनमध्ये एस्टीमचं इंजिन हा रॅलीवाल्यांचा आवडता प्रयोग ठरला. इथे मात्र अ‍ॅव्हरेजचा प्रश्न नव्हता. हवा होता तो पिकअप.

वेग आणि कागद

आणि ब्रेक? प्रीमियरच्या पद्मिनीला आणि जुन्या अँबॅसिडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्यांचा हिशेब जुन्या इंजिनाच्या वेगाशी बांधलेला. वेग ताशी ८० वरून १२० वर गेला की थांबवायची ऊर्जा दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. आज समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो आणि मोटारींना १२०ची मुभा आहे. दुप्पट ताकदीची जुनी गाडी तिथे हा आकडा गाठेलही. प्रश्न तिला थांबवण्याचा आहे.

कायद्याची हरकत याहून व्यापक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार आर.सी.वर नोंदलेला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो.

डिझेलचा मूळ मोहही आता उरलेला नाही. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. एमएच-२१च्या, म्हणजे जालन्यात नोंदलेल्या, अनेक जुन्या गाड्यांना आता भंगार म्हणून जालन्याच्याच पोलाद भट्ट्या जवळच्या.

तरी एक दार उघडं आहे. सीएनजी किंवा विजेवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला हाच कायदा वाट देतो. किट आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं. म्हणजे हृदय बदलायला कायद्याची हरकत नाही. कोणीतरी सगळ्या शरीराची तपासणी करावी, एवढीच त्याची अट आहे. अँबॅसिडरमध्ये मॅटॅडोर बसवणाऱ्या मिस्त्रीकडे हात होते, नजर होती. ब्रेक, वजन आणि तापमान मोजून देणारी यंत्रणा तेवढी त्याच्या शेजारी नव्हती. विजेच्या किटचं काम जिल्ह्याजिल्ह्यांत वाढायचं असेल, तर अशी तपासणी पुण्यातच न राहता जालन्याच्या मिस्त्रीच्या आवाक्यात यायला हवी.