विसरलेली दुरुस्ती

कथांमधले भूमिगत शहर सहसा शत्रूच्या हल्ल्याने मरत नाही; दुरुस्ती विसरल्याने मरते. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत जमिनीखाली राहणाऱ्यांना हवा, अन्न, संगीत सारे यंत्रच पुरवते. पुढे संगीतात खरखर येते, आंघोळीच्या पाण्याला घाण वास येतो. लोक आधी तक्रार करतात, मग त्यांना सवय होते. सगळे यंत्र समजणारा माणूस उरलेलाच नसतो. जीन ड्युप्रॉ यांच्या ‘द सिटी ऑफ एम्बर’मध्ये (२००३) बल्ब संपत आलेत, दिवे जाताहेत, आणि बाहेर पडण्याच्या सूचनांची पेटी सातव्या महापौराने, आत आपल्या आजारावर औषध असेल या आशेने, घरी नेऊन ठेवलेली.

या महापौराचे मला हसू येत नाही. पुण्यात राहणाऱ्याला येऊही नये. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले ते जमिनीखालून, निव्वळ उताराच्या बळावर. वाटेत उच्छ्वास ठेवले: तिथून हवा निघून जाई, माणूस आत उतरून गाळ काढी. पेठांतले हौद या पाण्यावर भरत. घरोघर नळ आले आणि आत उतरायचे कारणच संपले. २०१९मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात भुयार लागले, तेव्हा ते कशाचे याची चर्चा करावी लागली. साततोटी हे तर नावच तोट्यांवरून पडलेले. आता तो नुसता चौक आहे.

एम्बरमधला डून मात्र वाट्याला आलेले निरोप्याचे काम देऊन पाइपांचे काम बदलून घेतो. त्याला खाली जाऊन जनित्र पाहायचे असते.