अंगणातले रान

बाग म्हटली की आखीव वाफे, शेणखत, झारी आणि रोज सकाळी राबणारे हात डोळ्यांपुढे येतात. रानात यांतले काहीच नसते. पावसाखेरीज तिथे पाणी घालणारा कोणी नाही, तरी श्रावण-भाद्रपदात माळाला रंग चढतोच. या दोहोंच्या मधली एक बाग असते. तिच्यात पहिले बी आपण पेरायचे आणि पुढची पेरणी त्या झाडांनी आपली आपण करायची. अशी बाग कशी करावी, तिच्यासाठी बी कोठून आणावे आणि कोणते बी मुळीच आणू नये, हे आज सांगावयाचे आहे. यांतला शेवटचा प्रश्न प्रथम घेऊ, कारण त्यात चूक झाली तर ती आपल्या कुंपणाच्या आत राहत नाही.

या प्रकारच्या बागेचा पुरस्कार करणारे एक प्रसिद्ध पुस्तक विल्यम रॉबिन्सन या आयरिश उद्यानतज्ज्ञाने १८७० साली लिहिले. त्याचे नाव 'द वाइल्ड गार्डन'. दरवर्षी उपटायच्या आणि पुन्हा लावायच्या रंगीत ताटव्यांचा त्याला कंटाळा होता. परदेशांतून आणलेली काटक झाडे झुडपांच्या कडेला, गवतात सोडून द्यावीत आणि ती तिथे आपोआप रुळू द्यावीत, असे त्याचे म्हणणे. कल्पना मोहक खरी. परंतु कोणी निगा न राखता परमुलखात रुळणारे झाड कोठे थांबेल, हे लावणाऱ्याच्या हाती राहत नाही. आपल्याकडे घाणेरी शोभेसाठी आणि कुंपणासाठीच आली. आज तिने देशभरची जंगले व्यापली आहेत आणि तिच्या जाळीखाली दुसरी रोपे उठत नाहीत. केशरी-पिवळा कॉसमॉस मेक्सिकोकडचा. बागांतून निसटून तो पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेने पसरला आहे.

याचा अर्थ परदेशचे प्रत्येक फूल वैरी आहे असा नव्हे. झेंडू मेक्सिकोचा, गुलबाक्षी अमेरिका खंडाची, सदाफुली मादागास्करची. आपल्या दारी त्या केव्हाच घरच्या झाल्या. त्या वाफ्यात खुशाल असाव्यात. पण जी बाग मोकळी सोडायची आहे, तिचे बी आपल्याच पंचक्रोशीतले असावे, हा नियम सोडू नये. बाजारात 'रानफुलांचे मिश्रण' म्हणून मिळणाऱ्या पुडीत पुष्कळदा परदेशी फुलांचेच बी असते, हे ध्यानात ठेवावे.

आता निवड. तेरडा हा या बागेचा पहिला मानकरी. पेरल्यापासून सुमारे दोन महिन्यांत तो फुलतो. त्याचे पिकलेले बोंड बोटाच्या नुसत्या स्पर्शाने फुटते आणि बी दूर उडते. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण फुलापुरती खरी. त्याचे बी मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत मातीत वाट पाहत राहते. दुसरा कुर्डू: गुलाबी-पांढरे तुरे, काळे चकचकीत बी, आणि कोवळ्या पानांची भाजी. तिसरा खुळखुळा, ज्याच्या वाळलेल्या शेंगा वाऱ्याने वाजतात. रुईच्या पानांवर ज्यांच्या अळ्या वाढतात ती तांबूस फुलपाखरे त्याच्याकडे आवर्जून येतात. जमिनीलगत निळे ठिपके हवेत तर विष्णुक्रांता, आणि कुंपणावर चढवायला गोकर्ण. कोरड्या, मुरमाड जागी काटेकोरांटी उत्तम. बेळगाव आणि गोव्याच्या घाटालगतच्या उंच भागांत सोनकीही रुजून पाहावी. तिचे बी रुईच्या म्हातारीप्रमाणे केसांवर तरंगत जाते. ग्वाल्हेर वा बडोदे येथे मात्र सह्याद्रीच्या सोनकीचा हट्ट धरू नये. तिथल्या माळावर जे फुलते तेच तिथल्या अंगणात टिकेल. कळलावी सुंदर असली तरी तिचा कंद अतिशय विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरी ती नको.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या घरांना या बागेचा आणखी एक उपयोग आहे. कोकणात गौर तेरड्याच्या रोपांची करतात. गणपतीच्या पत्रीत आघाडा, माका, डोरली, विष्णुक्रांता यांचा समावेश असतो. ही पत्री शहरात जुडीने विकत आणावी लागते, आणि जुडीतले कोणते पान कशाचे हे मुलांना सांगता येत नाही. अंगणाचा एक कोपरा पत्रीला दिला, तर नावे आणि पाने यांची जोडी पुन्हा जुळते.

बी गोळा करण्याचा काळ आश्विन ते मार्गशीर्ष. शेताचा बांध, रस्त्याची कड, ओळखीच्या माणसाची पडीक जागा येथूनच ते घ्यावे, आणि मालकाला विचारून घ्यावे. बियाणे-संग्राहकांचा एक संकेत आहे: जागेवर पिकलेले जेवढे बी असेल त्याच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक घ्यायचे नाही. उरलेले पक्ष्यांचे, मुंग्यांचे आणि पुढच्या वर्षाचे. राखीव जंगलातून आणि सड्यांवरून काहीही उचलू नये. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली समाविष्ट झाले. तेथील सीतेची आसवे किंवा दवबिंदू यांसारखी कीटकभक्षी रोपे खडकावरच्या वीतभर नव्हे, बोटभर ओल्या मातीत जगतात. ती अंगणात आणणे म्हणजे ती मारणेच होय.

गोळा केलेले बी सावलीत वाळवून, कागदी पाकिटात घालून, त्यावर नाव, जागा आणि महिना लिहून कोरड्या डब्यात ठेवावे. तेरड्याच्या बोंडांवर आधीच पातळ कापडाची पुरचुंडी बांधली, तर बी हातचे जात नाही. हे बी लगेच पेरण्याची घाई करू नये. अनेक रानरोपांचे ताजे बी उगवतच नाही. अवेळी आलेल्या एखाद्या सरीला फसून ते रुजले, तर पुढच्या कोरड्या महिन्यांत रोप मरेल. म्हणून उन्हाळा काढल्यावरच ते जागे व्हावे, अशी निसर्गाची योजना. खुळखुळा आणि गोकर्ण यांच्या बियांचे कवच कठीण असते. पेरण्याआधी ते बी जाड वाळूत हलके घासावे व रात्रभर पाण्यात भिजवावे, म्हणजे पाणी आत शिरते.

जागा उन्हाची निवडावी. पहिल्या वर्षी चार हात लांब, चार हात रुंद तुकडा पुरे. हरळी आणि लव्हाळा मुळांसकट, गाठींसकट काढावा. येथे केलेला आळस पुढे दहापट श्रम घेतो. खत मात्र मुळीच घालू नये. सकस जमिनीत गवत आणि दोन-चार दांडगी झाडे माजतात व नाजूक रोपे त्यांच्या सावलीत गुदमरतात. हलक्या जमिनीत सर्वांना थोडी थोडी जागा मिळते. माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचते, तेथे मुरूम मिसळून वाफा थोडा उंच करावा. गोव्याच्या जांभ्या मातीत याची गरज नाही.

पेरणीची वेळ पावसाने ठरवायची. गोवा-बेळगावकडे ती जूनच्या आरंभी येते, इंदूर-बडोद्याकडे जूनच्या उत्तरार्धात, ग्वाल्हेरीस आणखी थोडी उशिरा. पहिल्या सरींनंतर मातीतले जुने तण आधी उगवू द्यावे, ते खुरप्याने वरच्यावर काढावे, आणि मगच बी टाकावे. एक भाग बी आणि पाच भाग कोरडी वाळू एकत्र करून फेकले, म्हणजे बी सारखे पसरते. बारीक बी मातीखाली पुरू नये. त्याला उजेड लागतो. पेरल्यावर फळी ठेवून तीवर उभे राहिले, की बी मातीला चिकटते. प्रत्येक जातीचे चिमूटभर बी निराळ्या कुंडीत, नाव लिहून पेरावे. वाफ्यात अंकुर फुटले की कुंडीतल्या रोपाशी ताडून पाहावे. नाही तर तण म्हणून तेरडाच उपटला जातो.

फुले सरली, की बाग विस्कटलेली दिसू लागते. देठ वाळतात, बोंडे काळवंडतात, आणि शेजारी विचारतात, हे गवत कधी काढणार? येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पण याच दिवसांत झाडे पेरणी करीत असतात. मार्गशीर्षापर्यंत विळा लावू नये. मग कापावे, कापलेले चार दिवस तेथेच पालथे घालावे, झटकावे आणि बाहेर काढावे. ते तिथेच कुजू दिले तर माती सकस होते, आणि मग गवताचेच फावते.

दुसऱ्या वर्षी काही जाती नाहीशा झाल्यासारख्या वाटतील. कठीण कवचाचे बी दोन-तीन पावसाळेही मातीत पडून राहते, हे लक्षात ठेवून त्या जागी खणू नये. याउलट तेरडा इतका दाटेल की निम्मा उपटावा लागेल. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास कोणी कोठे राहायचे हे झाडे आपसांत ठरवून घेतात. तेव्हा आपले काम एवढेच उरते: घाणेरी, गाजरगवत, कॉसमॉस यांचे रोप दिसले की फुलण्याआधी उपटणे.

बांध सिमेंटचे होत आहेत, रस्त्यांच्या कडा तणनाशकाने करपत आहेत. कालपर्यंत फुकट उगवणारा कुर्डूही शोधावा लागण्याचे दिवस फार दूर नाहीत. अंगणातला चार हातांचा तुकडा माळाची जागा घेऊ शकत नाही. पण त्या गावचे बी त्या गावात राखू शकतो. येत्या कार्तिकात फिरायला निघाल तेव्हा खिशात दोन कागदी पाकिटे आणि एक पेन्सिल असू द्या.