‘दीनबंधु’चे संपादकत्व आणि गिरणीकामगार

कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ साप्ताहिक काढले ते सत्यशोधक विचारांच्या प्रसाराकरिता. त्यांची दृष्टी मुख्यतः शेतकऱ्याकडे होती. आर्थिक ओढगस्तीमुळे पत्र चालविणे अशक्य झाले, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत त्याची सूत्रे हाती घेतली.

तत्त्वे तीच राहिली. प्रश्न मात्र पालटले. लोखंडे यांनी स्वतः कापडगिरणीत भांडारपालाचे काम केले होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी भरविलेल्या सभांतून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर वेतन व अपघातात साहाय्य या त्यातील प्रमुख मागण्या होत. बहुसंख्य कामगार निरक्षर होते. अशा वर्गात पत्राचे सामर्थ्य खपावरून मोजता येत नाही. संपादक हाच सभेचा पुढारी होता, यात ते शोधावे लागते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

या प्रभावाला मर्यादाही होती. १८८३ मध्ये जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे छापून लोखंडे यांनी पुढील मजकूर थांबविला, आणि फुल्यांनी हा भित्रेपणा ठरविला. राजद्रोहाचे कलम १८७० पासून लागू होते, हे ध्यानी घेता ती धास्ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. तथापि ज्या शेतकऱ्याकरिता पत्र निघाले, त्याच्यावरील तो ग्रंथ त्या पत्रात पुरा आला नाही.