मानेला बसलेला हिसका

मोटार सिग्नलला उभी असते. मागून दुसरी येऊन धडकते. बंपर थोडा चेपतो, दोघा चालकांची बोलाचाली होते आणि जो तो आपल्या वाटेने जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या चालकाला मान वळविता येत नाही. एक्स-रे काढावा, तर हाड शाबूत. मालक म्हणतो, "याला रजा हवी आहे, दुसरे काही नाही." असे चालक संघटनेच्या कचेरीत आमच्याकडे पुष्कळ आले. त्यांची बाजू मांडायची, तर आधी दुखणे समजून घेणे आम्हाला भाग पडले.

आपल्या मानेत सात मणके असतात व त्यांवर सुमारे साडेचार-पाच किलोंचे डोके तोललेले असते. मागून धडक बसताच आसन धडाला पुढे ढकलते; डोके मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मानेचा खालचा भाग मागे व वरचा भाग पुढे वाकून ती नागमोडी होते. मग डोके मागे जाते आणि पुन्हा पुढे फेकले जाते. सावध होण्याइतका अवधीच मिळत नाही. स्नायू, अस्थिबंध आणि मणक्यांमधील लहान सांधे यांना ताण बसतो. एक्स-रेत हाडे दिसतात, हा ताण दिसत नाही. दुखणेही पुष्कळदा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वर येते. अमेरिकेतील अस्थिवैद्य हॅरॉल्ड क्रो यांनी १९२८ साली चाबकाच्या फटकाऱ्यावरून याला 'व्हिपलॅश' म्हटले.

न दिसणाऱ्या दुखण्याविषयीचा संशय मात्र मोटारीहून जुना आहे. १८६६ साली लंडनचे शल्यवैद्य एरिक्सन यांनी आगगाडीच्या अपघातानंतर वरून धडधाकट दिसणाऱ्या, पण पाठीच्या दुखण्याने खचलेल्या लोकांविषयी ग्रंथ लिहिला. १८८३ साली हर्बर्ट पेज यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढले; यातले बरेचसे भीतीचे परिणाम आहेत, असे त्यांचे मत. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यवैद्य होते, हे ध्यानात ठेवावे.

मग जखमी माणसाने काय करावे? हातापायांत बधिरपणा वा अशक्तपणा, मणक्यावरच तीव्र वेदना, शुद्ध हरपणे, वारंवार उलटी, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही असेल, तर मान न हलविता तत्काळ रुग्णालय गाठावे. तसे काही नाही आणि हाड मोडलेले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, तर मानेला पट्टा बांधून आठवडेच्या आठवडे पडून राहू नये. १९९५ साली कॅनडातील क्विबेकच्या तज्ज्ञमंडळाने हेच सांगितले: सोसवेल तितकी मान हलवावी आणि लवकर नित्याच्या कामाला लागावे. बहुतेक लोक काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात; काहींचे दुखणे मात्र वर्षानंतरही मागे लागते. आसनावरची डोके टेकण्याची उशी माथ्याइतकी उंच आणि डोक्याच्या जवळ ठेवावी, म्हणजे डोके धडाबरोबरच पुढे जाते. पुष्कळ गाड्यांत ती खाली दाबलेलीच असते!

आता आम्हा संघटनावाल्यांना बोचणारी एक गोष्ट. कॅनडाच्याच सस्कॅचेवान प्रांताने १९९५ साली दोष कोणाचा हे न पाहता उपचार व बुडालेले वेतन देण्याची पद्धत सुरू केली आणि केवळ वेदनेबद्दलची भरपाई बंद केली. दावे घटले, आणि ते निकाली निघण्याचा काळ निम्म्याहून कमी झाला. कोणी म्हणेल, बघा, सोंगच होते. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याला वर्षानुवर्षे आपले दुखणे शाबीत करत बसावे लागते, त्याला ते विसरण्याची सोय राहत नाही. म्हणून भांडण लांबवून भरपाई वाढविण्यात कामगाराचे हित आहे, हे आमचे जुने मत आम्ही सोडले आहे.

आपल्याकडे मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेव्हा धडक किरकोळ वाटली, तरी त्याच दिवशी पोलिसांत व डॉक्टरांकडे नोंद करावी. कागद वेळेवर झाला, की माणसाला आपल्या मानेची साक्ष पुन:पुन्हा द्यावी लागत नाही. त्याने मग बरे होण्याकडे लक्ष द्यावे.