दोष डिस्कचा की केबलचा?

आमच्या प्रयोगशाळेत एका वर्णपटमापकाला जोडलेला जुना संगणक आहे. त्याच्या हार्ड डिस्कवर अनेक वर्षांची मोजमापे साठवलेली. एका पावसाळ्यात हा संगणक अडू लागला. फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागे, कधी ती उघडतच नसे. ‘डिस्क गेली’ असा निकाल दोघातिघांनी देऊन टाकला. नवी डिस्क घेता आली असती, पण ती मोजमापे पुन्हा घेणे शक्य नव्हते. म्हणून निकालाआधी पुरावा तपासायचे आम्ही ठरवले.

ही डिस्क आयडीई प्रकारची. २००३ च्या सुमारास ‘साटा’ जोडणी आली आणि हा प्रकार मागे पडला. पण जुन्या उपकरणांजवळ तो अजून भेटतो. तिच्यातील माहिती तबकडीवरून वाचली जाते, चपट्या केबलमधून मदरबोर्डवरील नियंत्रकाकडे (कंट्रोलरकडे) जाते आणि तेथून ड्रायव्हर ती कार्यप्रणालीच्या हवाली करतो. या वाटेवर कोठेही बिघाड झाला, तरी बाहेरून लक्षण एकच दिसते. ताप आला एवढ्यावरून रोग कळत नाही, तसेच हे.

वाटेवरचा ताळा

गुणाकार पडताळायला आपण नवाचा ताळा पाहतो. केबलमधून जाणाऱ्या माहितीसाठीही असाच एक ताळा आहे. त्याला सीआरसी म्हणतात. पाठवलेल्या माहितीवर ठरावीक भागाकार करून १६ बिटांची बाकी दोन्ही टोकांना काढली जाते. नियंत्रक आपली बाकी डिस्ककडे पाठवतो आणि डिस्क ती स्वतःच्या बाकीशी ताडून पाहते.

आमच्या संगणकावर लिनक्स ही खुल्या संहितेची कार्यप्रणाली आहे. ती अशा तक्रारी नोंदवून ठेवते; ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन त्या वाचता येतात. नोंदीत ‘यूएनसी’ असेल तर तबकडीवरचा भागच वाचता आला नाही, असा अर्थ. ‘आयसीआरसी’ असेल तर ताळा जुळला नाही, म्हणजे माहिती वाटेत बिघडली. आमच्या नोंदीत दुसराच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. डिस्क स्वतःही अशा चुका मोजते. बहुतेक डिस्कांत हा १९९ क्रमांकाचा आकडा असतो. तो कधी कमी होत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का, हे पाहायचे.

आम्ही प्रथम वेग मुद्दाम सेकंदाला ३३ मेगाबाइटवर उतरवला. चुका थांबल्या, आणि आधी सर्व मोजमापांची प्रत काढून घेतली. याहून अधिक वेगासाठी ८० तारांची केबल लागते. पिना ४०च असतात. जादा ४० तारा जमिनीला जोडलेल्या (अर्थ केलेल्या) असतात आणि संदेशांच्या तारांमध्ये एकाआड एक बसून एकीचा परिणाम दुसरीवर होऊ देत नाहीत.

आमची केबल ८० तारांचीच होती, पण एके ठिकाणी करकचून दुमडलेली. ती काढून पुन्हा घट्ट बसवली. पूर्ण वेगाने आकडा वाढतच राहिला. दुसरी केबल लावली, आकडा थांबला. येथे थांबण्याचा मोह होतो. आम्ही जुनी केबल परत लावली, आणि आकडा पुन्हा वाढू लागला. मगच दोष केबलचा म्हटला.

नियंत्रकच चुकला तर?

असेही घडले आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात आरझेड १००० आणि सीएमडी ६४० या नियंत्रक-चिपांच्या रचनेतच दोष निघाले. त्यांच्यामुळे माहिती गुपचूप बिघडू शके. केबलवरच्या वाहतुकीला तेव्हा ताळाच नव्हता. आरझेड १००० साठी लिनक्सने केलेला उपाय म्हणजे पुढची माहिती आधीच वाचून ठेवण्याची सोय बंद करणे. संहिता खुली असल्याने तो कोणालाही वाचता येतो.

वर्गात करून पाहा

४७ × २३ = १०८१ याचा नवाचा ताळा घ्या. मग उत्तर चुकून १८०१ लिहिले असे समजून पुन्हा घ्या. ताळा तरीही जुळतो! अंकांची अदलाबदल तो पकडत नाही. सीआरसीमध्ये प्रत्येक बिटाच्या जागेलाही महत्त्व असते, म्हणून शेजारच्या बिटांची अशी अदलाबदल तो पकडतो. मग विद्यार्थ्यांना विचारा: ताळा जुळला, म्हणजे उत्तर बरोबरच असते का?